मॅकेल्वी रोडवरची आडनावं

१८ एप्रिल २०१०, रविवार

निघताना शोभानं ही डायरी माझ्या पर्समध्ये कोंबली तेव्हा मी वैतागलेच होते. म्हटलं, सुनेच्या बाळंतपणाला चालले आहे, मला काय लिहायचंय? ती धाकटी असून मोठेपणा गाजवते. पण आता लिहायला बसले आहे, कारण इथं दिवसभर बोलायला माणूस नाही. भूषण आणि दीपा सकाळी सातलाच घराबाहेर पडतात. दीपाला पाचवा महिना आहे. मागच्या वेळी राहिलं नाही, म्हणून मी आधीच येऊन बसले. ती टोरोंटोच्या बँकेत जाते, भूषण इथं वॉनमध्येच, गोदामांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत.

मग उरते मी आणि हा मॅकेल्वी रोड. सगळी घरं एका साच्यातली. टोकाला एक जुनं दगडी चर्च आहे, तिथं आता प्रार्थना होत नाही, हॉल म्हणून वापरतात. आणि आमच्या बॅकयार्डच्या मागे चक्क कबरस्तान. लहानसं, लोखंडी कुंपणाचं. आल्या दिवशीच मी भूषणला म्हटलं, "स्मशानाला लागून घर घेतलं होय रे?" तर म्हणतो, "आई, मागून कुणी शेजारी नाही. प्रायव्हसी आहे."

काल टोरोंटोला चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. फार बरं वाटलं, पोटभर मराठी ऐकली. भूषण मात्र मागच्या रांगेत बसला. फोटोची वेळ आली की कॅमेरा स्वतः घ्यायचा, सगळ्यांचे काढून द्यायचा. इथं येऊन त्याला फोटोग्राफीचा चांगलाच नाद लागलेला दिसतो.

२२ एप्रिल, गुरुवार

आज कचऱ्याची निळी बिन रस्त्यावर ठेवायचा दिवस. ठेवून वळले तर समोरच्या घरातला म्हातारा पुढ्यात उभा. उंच, लाल नाकाचा, गळ्यात कॅमेरा. आधी ट्रॅक्टर विकायचा म्हणे. नाव सांगितलं ह्यू मॅकेल्वी. मी म्हटलं, रस्त्याचं तेच नाव? तर छाती फुगवून म्हणाला, "रस्ता आमच्या नावाचा आहे. इथली सगळी जमीन मॅकेल्वींची होती."

मग लगेच विचारलं, "तुमचं आडनाव काय? मूळ गाव कुठलं?"

पहिल्याच भेटीत! माझ्या मनात पाल चुकचुकली. आडनाव आणि मूळ गाव, हे दोन प्रश्न जोडीनं विचारणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. माणूस सहज विचारतो की काही काढून घ्यायला विचारतो, ते मला आवाजावरून कळतं. ह्याचा आवाज उत्सुक होता. गरजेपेक्षा जास्त उत्सुक.

मी सांगून टाकलं, "पद्मा देशमुख. नागपूर."

आमच्या सुपरवायझर देशमुख मॅडम होत्या. ते नाव सांगितलं की समोरचा पुढं काही विचारत नाही, एवढं मी तेव्हाच शिकले. परक्या माणसाला खरं कशाला सांगायचं? ह्याला खोटं नाही म्हणत, सावधपणा म्हणतात. म्हाताऱ्यानं तीनदा विचारून खात्री केली, ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि खुशीत निघून गेला.

२ मे, रविवार

डोकं तडकलंय. लिहून काढलं नाही तर झोप लागणार नाही.

जेवताना भूषण भात कालवता कालवता म्हणाला, "आई, बाळ यायच्या आत आम्ही आडनाव बदलून घेऊन राहिलो. आडनाव म्हणून नुसतं भूषण. माझं पण, दीपाचं पण, बाळाचं पण."

मला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मी विचारलं, "खोब्रागडे कुठं गेलं?"

"इथं कोणाला म्हणता येत नाही, आई. मीटिंगमध्ये सगळे अडखळतात. ऑफिसमध्ये मला कोब्रा म्हणतात."

"म्हणू दे! तुझ्या बाबांना काय काय म्हणाले होते लोक, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. म्हणूनच तर," इतकंच म्हणाला आणि ताट उचलून सिंककडे गेला.

ह्याचे बाबा, शिवराम खोब्रागडे, महापालिकेच्या शाळेत मास्तर. शाळेतल्या दोघांनी आडनावं बदलून घेतली तेव्हा ह्यांनाही सांगायला आले होते. ह्यांनी चहा पाजून परत पाठवलं. नवीन माणूस भेटला की हे आधी आडनाव सांगायचे, मग नाव. "खोब्रागडे. शिवराम खोब्रागडे." म्हणायचे, ज्याला तोंड वाकडं करायचं आहे त्यानं सुरुवातीलाच करून घ्यावं, आपला वेळ वाचतो. त्या माणसाचं नाव त्याचा मुलगा पुसायला निघाला, आणि कारण काय, तर गोऱ्यांची जीभ वळत नाही!

हे दीपाच्या डोक्यातून निघालं असणार, मला शंका नाही. ती जेवताना खाली मान घालून बसली होती. माझ्या वंशाच्या पहिल्या लेकराला आजोबांचं नाव मिळणार नाही. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले नाही.

१५ मे, शनिवार

त्या म्हाताऱ्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही. सकाळी किचनच्या खिडकीतून पाहिलं तर आमच्या बॅकयार्डच्या मागे टेप लावून मोजतोय. कबरस्तानाच्या कुंपणापासून आमच्या कुंपणापर्यंत. मोजलं, लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांना भगव्या रंगाच्या फिती बांधल्या, पुन्हा मोजलं. मग पुढच्या बाजूला येऊन आमच्या घराचा फोटो काढला.

भूषणला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू सगळ्यांवर संशय घेतेस."

"आणि तू कोणावरच घेत नाहीस."

तो हसला. मला ते हसू आवडलं नाही. आजकाल तो ऑफिसला बसनं जातो, दोन बस बदलून. दोन घरं सोडून राहणारा पुण्याचा संजय त्याच्याच कंपनीत आहे, एकटा गाडी घेऊन आमच्या दारावरून जातो. हिवाळ्यापर्यंत दोघं एकाच गाडीत जायचे, असं दीपा एकदा बोलून गेली. भूषण म्हणतो संजयचं टायमिंग बदललं. पण दोघं निघतात पाचच मिनिटांच्या फरकानं. भूषणला चालायचा व्यायाम हवा असेल.

६ जून, रविवार

म्हातारा स्वतःहून बोलवायला आला, "मिसेस देशमुख, या, तुम्हाला आमची माणसं दाखवतो." घरात भूषण होता. मी झटकन चपला सरकवून बाहेर पडले, ते नाव त्याच्या कानावर जायला नको.

कबरस्तानात गेलो. खरं सांगायचं तर त्याचं सांगणं ऐकावंसं होतं. मॅकेल्वी मूळचे स्कॉटलंडचे, तिथून समुद्र ओलांडून आयर्लंडात गेले. दोनेकशे वर्षं तिथं शेती केली, तागाचं कापड विणलं. मग बटाट्याचं पीक बुडालं तेव्हा जहाजात बसून इकडे आले. स्कॉटलंडवाले त्यांना आयरिश म्हणायचे आणि आयरिश त्यांना स्कॉच. इथं आल्यावर चर्च बांधलं, पिठाची गिरणी काढली, मग रस्त्याला नाव मिळालं. अजूनही भाऊबंदांत भांडण आहे म्हणे. एक घर स्कॉटलंडची खूण म्हणून चौकड्यांचं कापड अंगावर घेतं, दुसरं म्हणतं आपण आयरिश, ते कापड आपलं नव्हे. मी मनात म्हटलं, चला, इकडेही आहे म्हणायचं.

प्रत्येक दगडावर मोठ्या अक्षरात मॅकेल्वी. तो एकेकावर हात ठेवून सांगत होता, ही माझी पणजी, हा तिचा दीर.

आणि कुंपणाच्या बाहेर, आमच्या घराच्या बाजूला, गवतात एक दगड एकटा. त्यावर फक्त 'पीटर'. ना आडनाव, ना साल.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या आज्यांची घरं कुठं असायची गावात? वेशीच्या बाहेर. माझे पाय तिथंच थांबले.

"हा कोण?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं श्वास घेतला, आवाज अर्धा सूर खाली आला. "फार्मवर कामाला होता," म्हणाला आणि कॅमेऱ्याचं झाकण काढू-घालू लागला.

बत्तीस वर्षांच्या कानाला हे चकवणं शक्य नाही. हा खोटं बोलला.

२० जून, रविवार

आता बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतोय. मॅकेल्वींनी त्या पीटरला मारलं असणार. गडी माणूस, मजुरी मागितली असेल, किंवा घरातल्या मुलीशी बोलला असेल. मारलं, बाहेर पुरलं, आणि आता १ ऑगस्टला चर्चला दीडशे वर्षं झाली म्हणून सोहळा करतायत. म्हातारा रोज मोजमाप करतो ते कुंपण आणखी आवळायला, म्हणजे तो दगड कुणाच्या नजरेला पडू नये. मी रोज सकाळी चहा घेऊन मागच्या दारी उभी राहते आणि दगडाकडे बघते. तो समोरून मला बघताना दिसतो. मी नजर हटवत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. आज म्हातारा सीमाच्या दारात अर्धा तास उभा होता. सीमा म्हणजे त्या संजयची बायको. बोटानं आमच्या घराकडे दाखवून विचारत होता. सीमा आमच्या घराकडे बघून हसली. मला पाहिल्यावर हात हलवला, "काय काकू, बरं आहे ना?"

सीमाला आमचं खरं आडनाव ठाऊक आहे, भूषण आणि संजय एकाच कंपनीत आहेत. म्हणजे आज त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं असणार. नाव खोटं सांगितलं हेही आणि खरं काय हेही. दुपारचा चहा उतू गेला.

पण संध्याकाळी म्हातारा रस्त्यापलीकडून ओरडला, "गुड ईव्हनिंग, मिसेस देशमुख!"

सीमा बोलली नाही. का बोलली नाही? लाज झाकली, की घरात बसून नवऱ्याबरोबर हसली? कुठंतरी पाणी मुरतंय.

११ जुलै, रविवार

उकाडा. दीपाचे पाय सुजलेत, तेल लावून देते. आज पोर्चमध्ये तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते तेवढ्यात म्हातारा कुत्र्याला घेऊन गेला, "हॅलो, मिसेस देशमुख!" दीपानं माझ्याकडे पाहिलं. मी तेल चोळत राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, तुम्ही थकल्या असाल, राहू द्या आता," आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बसली. ऐकलं नसावं तिनं. कुत्रं भुंकत होतं.

आडनावाचा विषय मी पुन्हा काढला. तिला म्हटलं, "हे तुझ्या मनात आलं ना? खरं सांग."

"नाही आई," ती म्हणाली. "मला तर आवडतं खोब्रागडे. लग्नाआधी ढोके होते. ढोकेपेक्षा भारदस्त आहे." आणि हसली. मग हसता हसता थांबून म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारा ना. मी विचारलं की चिडतात."

मी विश्वास ठेवला नाही.

१ ऑगस्ट, रविवार

सोहळा झाला. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात गोंधळ राहील.

सकाळपासून मोटारी. शंभरेक मॅकेल्वी जमले असतील. काही पुरुष गुडघ्यापर्यंतच्या चौकड्यांच्या घागऱ्यात, एकजण पिशवीसारखी पिपाणी वाजवतोय. रस्त्यावरच्या सगळ्या घरांना बोलावणं होतं. आम्ही तिघं गेलो. सीमा आणि संजय पण आले होते, संजयनं भूषणला लांबूनच मान डोलावली.

कबरस्तानात ह्यू उभा राहिला. म्हणाला, इतकी वर्षं मी तुम्हाला आपल्या घराण्याच्या गोष्टी सांगत आलो, आज एक राहून गेलेली सांगतो. पीटर हा ग्लासगोच्या अनाथालयातला पोरगा. आठ वर्षांचा असताना जहाजात घालून शेतीच्या कामाला इकडे पाठवला. ज्या मॅकेल्वी जोडप्याकडे आला त्यांना मूल नव्हतं. त्यांनी त्याला आपलं नाव दिलं. भाऊबंदांना ते कधीच मान्य झालं नाही, आणि मेल्यावर त्यांनी त्याला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. मग ही गोष्ट घराण्यात पुन्हा कुणी काढलीच नाही.

"तो माझा आजोबा," ह्यू म्हणाला. "माझ्या अंगात मॅकेल्वींच्या रक्ताचा एक थेंब नाही. स्कॉटलंड, आयर्लंड, सगळं मी पुस्तकांतून पाठ केलं, कारण कुणी विचारलं तर अडखळायला नको. मला सत्त्याहत्तर वर्षं भीती वाटत आलीय, की कुणीतरी विचारेल."

पुढच्या रांगेतली एक चौकड्यांचा पट्टा घेतलेली बाई उठून तडक मोटारीकडे गेली. तिच्यामागे आणखी चारपाच. बाकीचे राहिले. मग दोन तरुणांनी आमच्या बाजूचं कुंपण सोडवलं आणि त्या भगव्या फितींच्या खुंट्यांपाशी नेऊन रोवलं. म्हणजे तो मोजत होता ते एवढ्यासाठी. दगडावर नवीन अक्षरं कोरलेली होती. पीटर मॅकेल्वी.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खुनाचं माझं सगळं फुकट गेलं, पण मी वेशीबाहेरचा दगड तर ओळखला होता! भूषणच्या दंडाला धरून मी म्हटलं, "पाहिलंस? नावाची किंमत कळते का? परक्याचं नाव मिळालं तरी माणसानं ते जपलं. आणि तू बापाचं टाकायला निघालास."

भूषण हात सोडवून पुढं चालायला लागला.

मग सगळे हॉलमध्ये गेले, चहा-केकला. तिथं भिंतीवर मोठा फलक. वर लिहिलेलं, 'ह्या रस्त्यावरची आडनावं'. मॅकेल्वी सगळ्यात वर, आणि खाली आज इथं राहणाऱ्या एकेका घराचं कार्ड. घराचा फोटो, आडनाव, मूळ गाव, चार ओळी माहिती. इटालियन, श्रीलंकेचे, पंजाबी. लोक आपापलं कार्ड शोधून खूश होत होते. म्हणून तो प्रत्येकाला विचारत फिरत होता.

आणि मला कळलं, आमच्या कार्डावर काय असणार. मी भूषणला म्हटलं, "चल, दीपाला त्रास होतोय." दीपा मजेत केक खात होती.

भूषण फलकासमोर पोहोचला होता. आमच्या घराचा फोटो. खाली देशमुख. "पश्चिम भारतातलं वतनदारांचं घराणं, आमच्या कुळप्रमुखांसारखं. नाव सांगणाऱ्या: पद्मा देशमुख, नागपूर."

त्याच्या शेजारी सीमा उभी होती. तीही वाचत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

भूषणनं पूर्ण वाचलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला चाललं. मग मला का नाही?"

२ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी आहे. तिघंही घरात. दुपारी भूषण माझ्या खोलीत येऊन बसला. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

म्हणाला, "गेल्या वर्षीच्या जयंतीचा फोटो हिवाळ्यात कोणीतरी फेसबुकवर टाकला होता. मी पुतळ्याला हार घालून राहिलो त्यात. दुसऱ्या आठवड्यात संजयचं टायमिंग बदललं. कोणी काही बोललं नाही, आई. बोलतील कशाला? डबा खाताना टेबल बदललं. एकानं विचारलं, खोब्रागडे म्हणजे नागपूरकडचे का हो? मग हो का, हो का म्हणत राहिला." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही लोकांनी सहन केलं, ठीक. माझ्या लेकरानं इतक्या लांब जन्मून पण तेच ऐकायचं का?"

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पाचच मिनिटांच्या फरकानं दोघं निघताना मी रोज खिडकीतून पाहत होते, आणि मला वाटलं व्यायाम.

मी म्हटलं, "मी घाबरले रे. त्यानं विचारलं आणि तोंडातून निघून गेलं."

"मी पण घाबरलोच आहे," तो म्हणाला.

बाहेर दीपा ताक घुसळत होती.

३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी रस्ता ओलांडून ह्यूच्या दाराची घंटी वाजवली. फार दिवसांनी माझा स्वतःचा आवाज मला कापताना ऐकू आला.

"मिस्टर मॅकेल्वी, ते माझं नाव नाही. मी देशमुख नाही. मी खोब्रागडे."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं आणि त्याचा चेहरा पडला. "मी तुम्हाला तीन वेळा विचारून खात्री केली होती."

"तीन वेळा विचारलंत म्हणून तर!" मी म्हटलं. मग सांगावं लागलं. आमच्याकडे आडनाव विचारतात ते माणूस कुठं बसवायचा हे ठरवायला. कुठल्या पंगतीला, कुठल्या भांड्यात पाणी द्यायचं. मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं, निम्मं त्याला कळलं नसेल. पण तो आत जाऊन दोन कप चहा करून आला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसला.

म्हणाला, "तुम्ही रोज पीटरच्या दगडाकडे बघत उभ्या राहायच्या. मला वाटलं तुम्ही ओळखलंत, आणि भाऊबंदांना सांगणार. कुंपण मी गुपचूप सरकवणार होतो, पण तुमच्या भीतीनं आधीच सगळं सांगून टाकायचं ठरवलं."

आम्ही दोघं हसलो. चहा अगदीच पाणचट होता.

हॉलची किल्ली त्याच्याकडे असते. आम्ही गेलो, त्यानं कार्ड काढलं, कोरं कार्ड आणि जाड पेन दिलं. मी वर मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत. तो म्हणाला, "अर्थ काय ह्याचा?"

मी विचार केला. "अर्थ मला माहीत नाही. पण आमच्याकडे हे ऐकलं की लोकांना आम्ही कोण ते लगेच कळतं."

"मग लिहिण्यासारखं काय आहे?"

तर मी लिहिलं, शिवराम खोब्रागडे, शिक्षक, नागपूर. नवीन माणसाला आधी आडनाव सांगायचे. एवढंच. फलकावर लावून आले. घरी भूषणला सांगितलं नाही. नाव त्याचं आहे, लेकरू त्याचं आहे, आता मी मध्ये बोलणार नाही.

१० सप्टेंबर, शुक्रवार

मुलगी झाली! काल दुपारी. दीपा बरी आहे, बाळ गुटगुटीत. नाव अबोली. दीपाच्या आईच्या दारात अबोलीचे ताटवे असायचे म्हणून. एवढी बोंबलते की अख्खा वॉर्ड जागा.

आडनावाचं काय ते मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. भूषणही बोलला नाही. इथं बाळाचं नाव नंतर नोंदवता येतं म्हणे, घरी बसून.

माझं तिकीट २१ तारखेचं आहे.

१९ सप्टेंबर, रविवार

परवा निघायचं. बॅगा भरून झाल्या आहेत, ही डायरी तेवढी वर ठेवली आहे.

दुपारी सीमा आली. डिंकाचे लाडू घेऊन, एकटीच. मी पाणी दिलं आणि तिच्याकडे बघत राहिले. म्हटलं, हिला एकदा विचारावंच. "सीमा, त्या म्हाताऱ्यानं तुला आमचं नाव विचारलं होतं ना? देशमुख आहे का म्हणून?"

ती गोरीमोरी झाली. "हो काकू. मी म्हटलं, काकूंनी सांगितलंय ना, मग तेच." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला तसंच हवं असेल."

खरं बोलली की सावरून घेतलं, सांगता येत नाही. आवाज सरळ होता. पण माझ्या कानावर आता मीच फारसा भरवसा ठेवत नाही. संजय का आला नाही, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात ह्यू आला. हातात लोकरीचं लहान पांघरूण, त्याच चौकड्यांचं. म्हणाला, आता मला हे वापरायचा हक्क नाही असं काही जण म्हणतात, तेव्हा तुमच्याकडे ठेवा. बाळ भूषणच्या खांद्यावर होतं. ह्यूनं वाकून तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं तोच प्रश्न विचारला.

"आणि ह्या बाईसाहेबांचं नाव काय?"

दीपा भूषणकडे बघत होती. सीमा डबा उघडत होती, तिचा हात मध्येच थांबला, की मला तसं वाटलं. मी खाली सतरंजीकडे बघत राहिले.

भूषणनं श्वास घेतला. मी तो ऐकला.

"खोब्रागडे," तो म्हणाला. "अबोली खोब्रागडे."

ह्यूनं म्हणून पाहिलं. चुकलं. भूषणनं पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर तोडून. पुन्हा चुकलं. दीपा हसायला लागली. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याला बरोबर जमलं. मग मी उठले आणि सगळ्यांना लाडू दिले.